नोंदवहीतले वैद्य आणि नोंदवहीबाहेरचे

वकिलाला 'सनद' मिळते. बंदुकीला, दारूच्या दुकानाला आणि मोटार चालवण्याला 'परवाना' लागतो. डॉक्टरची मात्र 'नोंदणी' होते. या तिन्ही शब्दांमागे सत्तेची संमती हीच एक वस्तू असली, तरी मराठी भाषेने तिला तीन निरनिराळी नावे का द्यावीत, याचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही. सनद अरबीतून आली, परवाना फारसीतून. दोन्ही दरबारी शब्द आहेत, आणि दोन्हींत देणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. नोंदीचे तसे नाही. ती कारकुनाच्या दप्तरातली गोष्ट. जे आहे ते लिहून घेतले, एवढाच तिचा नम्र दावा असतो. आमच्या मते हा नम्रपणा फसवा आहे. मुंबई इलाख्यात १९१२ पासून वैद्यकव्यवसायाची जी नोंदवही लिहिली जाऊ लागली, तिने असलेले वैद्य केवळ मोजले नाहीत. वैद्य कोणाला म्हणायचे हे तिने ठरवले आणि त्याबरोबरच 'नोंदणी नसलेला' नावाचा एक नवा मनुष्य निर्माण केला. त्या मनुष्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजाची संमती ही कल्पना इंग्रजांनी येथे आणली, असा एक समज आहे. तो सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय वाचला की दूर होतो. या अध्यायाचे नाव 'विशिखानुप्रवेशनीय'. विशिखा म्हणजे रस्ता, आळी. शिक्षण संपवून वैद्याने रुग्णांच्या आळीत पाऊल कधी टाकावे, याचे नियम येथे आहेत. शास्त्र शिकलेला, त्याचा अर्थ उमगलेला, कर्मे प्रत्यक्ष पाहिलेला आणि स्वतः करून सराव केलेला असा तो हवा. आणि या मालिकेच्या शेवटी एक शब्द येतो, 'राजानुज्ञात'. राजाने अनुज्ञा दिलेला. पुढे नखे व केस कापलेले असावेत, वस्त्र पांढरे असावे, हातात छत्री व काठी आणि पायांत पादत्राण असावे, वेष भडक नसावा, बोलणे कल्याणाचे असावे, असा तपशील येतो. याच संहितेत अन्यत्र कुवैद्य लोभाने माणसे मारतो त्यात राजाचाही दोष सांगितला आहे. परवान्याचे तत्त्व इतक्या नेमकेपणाने मांडणारे वाक्य आधुनिक कायद्यांतही विरळाच. मात्र एक भेद लक्षात ठेवायला हवा. सुश्रुताच्या यादीत अनुज्ञा शेवटी येते. आधी ज्ञान, मग सराव, मग राजा. हा क्रम पुढे कसा उलटला ते पाहू.

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात १८४५ पासून सुरू झाले. त्यातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजींचे नाव आपल्या अभ्यासक्रमात प्राचीन लेखांचे वाचक आणि संस्कृतज्ञ म्हणून येते. ते व्यवसायाने डॉक्टर होते हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. त्यांनी कुष्ठरोगावर उपचार केले, आणि ते उपचार देशी वनस्पतींच्या शोधातून निघालेले होते. आपले औषध त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले, यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका आम्हांला रास्त वाटते. पण येथे महत्त्वाचे आहे ते दुसरेच. भाऊ दाजी १८७४ साली निवर्तले तोपर्यंत मुंबईत अशी कोणतीही वही नव्हती, जिच्यातून देशी औषध वापरल्याबद्दल त्यांचे नाव खोडता आले असते. एकाच माणसाच्या एका हातात ग्रँट कॉलेजची पदवी आणि दुसऱ्या हातात वैद्यांच्या ग्रंथांतील वनस्पती, असे असणे शक्य होते. ते कोणाला विचित्रही वाटत नव्हते.

१९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने हे बदलले. हिंदुस्थानातील प्रांतिक कायद्यांत हा पहिला; बंगाल आणि मद्रास प्रांतांनी दोन वर्षांनी त्याचे अनुकरण केले. त्याचा साचा इंग्लंडच्या १८५८ च्या कायद्याचा होता. नोंदणी नसलेल्याला व्यवसाय करण्याची बंदी या कायद्यात नव्हती. वैद्य, हकीम, हाडवैद्य, सुईणी आपापल्या जागी होत्या आणि त्यांना कोणी पकडणार नव्हते. फक्त रजेचा दाखला, मृत्यूचा दाखला, सरकारी नोकरी अशा गोष्टींपुरतेच नोंदणीला मोल होते. म्हणजे सरकारला ज्याची सही वाचायची आहे, त्याचे नाव सरकारला माहीत असावे, इतकाच वरवर त्याचा अर्थ. मात्र या कायद्यात एक कलम इंग्लंडहून जसेच्या तसे आले होते. व्यावसायिक बाबतीत निंद्य वर्तन करणाऱ्याचे नाव परिषदेला वहीतून काढता येत असे.

निंद्य वर्तन म्हणजे काय? रोग्याशी गैरवर्तन, खोटा दाखला, नशेत शस्त्रक्रिया, असे काही कोणाच्याही मनात येईल. पण या कलमाचा मुंबईत जो उपयोग सर्वांत गाजला, तो निराळाच होता. डॉ. पोपट प्रभुराम हे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेले, रीतसर नोंदणी झालेले डॉक्टर होते. त्यांचा मुंबईतील एका आयुर्वेद महाविद्यालयाशी निकटचा संबंध होता. १९१५-१६ च्या सुमारास परिषदेने या संबंधालाच आक्षेप घेतला आणि त्यांचे नाव वहीतून काढून टाकले. त्यांनी कोणा रोग्याला मारले नव्हते. आयुर्वेदाच्या शिक्षणात भाग घेतला, हेच निंद्य ठरले. मद्रास प्रांतातही त्याच सुमारास असाच प्रकार झाला आणि दोन्ही ठिकाणी सुशिक्षित समाजात संताप उसळला. भाऊ दाजींना जाऊन चाळीस वर्षे झाली होती. त्यांनी जे उजळ माथ्याने केले, ते त्यांच्यानंतरच्या पिढीतील पदवीधराला आता करता येईना.

योगायोग असा, की याच १९१५ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून सुश्रुतसंहितेची डल्हणाच्या टीकेसह आवृत्ती बाहेर पडली. ती मुंबईतच व्यवसाय करणाऱ्या वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली होती, आणि आजही अभ्यासक तिच्याकडे वळतात. एकाच शहरात एका बाजूला 'राजानुज्ञात' हा शब्द शुद्ध पाठासह पुन्हा छापला जात होता, आणि दुसऱ्या बाजूला राजाची अनुज्ञा असलेला डॉक्टर त्या ग्रंथाच्या परंपरेला हात लावल्याबद्दल ती अनुज्ञा गमावत होता.

पुढच्याच वर्षी, १९१६ साली, मध्यवर्ती सरकारने वैद्यकीय पदव्यांविषयीचा कायदा केला. त्यात पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची जी व्याख्या आहे ती भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. ॲलोपॅथीच्या पद्धतीचे औषधोपचार, प्रसूती व शस्त्रक्रिया म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक. आणि लगेच, होमिओपॅथी, आयुर्वेद व युनानी यांचा त्यात समावेश नाही. अर्धी व्याख्या 'काय आहे' हे सांगते आणि अर्धी 'काय नाही' हे. शास्त्राची व्याख्या अशी नकाराने का पुरी करावी लागली? कारण शास्त्राची सीमा आता ज्ञानाने नव्हे, तर वहीने आखली जात होती.

वैद्यांच्या बाजूनेही याच वेळी हालचाल चालू होती. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे वैद्यांचे संमेलन भरवून अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. पदेशास्त्रींचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ मराठी घरांत पंचांगाच्या शेजारी ठेवला जाई. आमच्या मते मराठी गद्याच्या इतिहासात या ग्रंथाला जागा मिळायला हवी होती. इतके वाचले गेलेले आणि इतके कमी चर्चिलेले पुस्तक दुसरे शोधावे लागेल. ते मात्र असो. पदे १९०९ मध्ये वारले. त्यांच्यामागून महासंमेलनात जी मागणी बळावत गेली ती 'आम्हांला एकटे सोडा' अशी नव्हती. 'आमचीही वही करा' अशी होती. ज्या नोंदवहीने अपमान केला, तिच्यातच जागा मागायची, हा वसाहतकालीन समाजाचा नेहमीचा पेच येथेही दिसतो.

ती वही १९३८ साली मिळाली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आरोग्यखाते डॉ. मंचरशा धनजीभाई गिल्डर यांच्याकडे होते. गिल्डर स्वतः पाश्चात्त्य वैद्यकातील नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्याच कारकिर्दीत आयुर्वेद व युनानी व्यावसायिकांच्या नोंदणीचा देशातील पहिला कायदा व्हावा, हा इतिहासाचा एक गमतीदार न्याय म्हटला पाहिजे. या कायद्याने दोन दप्तरे निर्माण केली. ज्यांच्याकडे मान्य संस्थेची पदवी वा पदविका होती त्यांचे नाव 'नोंदवही'त गेले. ज्यांच्याकडे ती नव्हती, पण जे पूर्वीपासून नियमितपणे व्यवसाय करीत होते, त्यांच्यासाठी एक वेगळी 'यादी' ठेवली गेली.

नोंदवही आणि यादी. सामान्य बोलण्यात हे दोन शब्द समानार्थी वाटतील. कायद्यात त्यांच्यामध्ये एक जातिव्यवस्थाच उभी राहिली. नोंदवहीत नवी नावे येत राहणार होती, कारण महाविद्यालये चालू होती. यादी मात्र कालांतराने आटणारच होती. बापाचे नाव यादीत असले म्हणून मुलाचे येत नव्हते. गुरूच्या किंवा बापाच्या हाताखाली दहा-वीस वर्षे शिकून आळीत उतरण्याचा जो मार्ग सुश्रुतापासून चालत आला होता, तो त्या यादीतल्या शेवटच्या माणसाबरोबर कायदेशीरपणे संपणार होता. आयुर्वेदाला मान्यता देणाऱ्या कायद्यानेच आयुर्वेदाच्या सर्वांत जुन्या शिक्षणपद्धतीला मुदत घालून दिली. हे अन्यायाचे होते असे आम्ही सरळ म्हणणार नाही. घराण्याच्या नावावर विषारी भस्मे विकणारेही त्या काळी थोडे नव्हते, आणि पदवीची अट नसती तर त्यांना आवरणार कोण, हा प्रश्न खराच होता. पण काय मिळवले याच्याबरोबर काय सोडले, हेही इतिहासाने लिहून ठेवावे लागते.

स्वातंत्र्यानंतर शुद्ध आयुर्वेद की मिश्र, हा वाद दोन दशके चालला. त्यावर समित्यांमागून समित्या बसल्या. त्यांची वर्णने येथे देत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ च्या कायद्याने १९३८ च्या कायद्याची जागा घेतली आणि नोंदणीविना व्यवसाय करणे हा स्पष्टपणे अपराध ठरला. होमिओपॅथीसाठी १९५९ चा कायदा होताच. ॲलोपॅथीसाठी १९६५ मध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा आला. तीन पद्धती, तीन वह्या.

या तीन वह्या एकाच रस्त्यावर वाचायच्या असतील तर मुंबईच्या उपनगरांत यावे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली ठाण्यातून वेगळा निघाला. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर हा भाग आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंड हा भाग बृहन्मुंबईत आला. गिरण्या, कारखाने आणि नंतर झोपडपट्ट्या यांच्याबरोबर लोकवस्ती वाढली त्या वेगाने सरकारी रुग्णालये वाढली नाहीत. ती पोकळी गल्लीतल्या दवाखान्याने भरून काढली. एका खोलीचा दवाखाना, मधे पडदा, बाहेर बाकडे आणि दारावर पाटी. या पाट्या म्हणजे वैद्यकाच्या कायद्याचा शिलालेखच होय. एल.सी.पी.एस. म्हणजे १९१२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा लायसेन्शिएट. जी.एफ.ए.एम. म्हणजे आयुर्वेदाच्या फॅकल्टीचा पदवीधर. डी.एच.एम.एस. म्हणजे होमिओपॅथीचा पदविकाधारक. बी.ए.एम.एस. त्यानंतरचे. आणि आर.एम.पी., म्हणजे नुसताच 'नोंदणीकृत'. कोणत्या वहीत, हे पाटी सांगत नाही. अक्षरांच्या या गर्दीत रोगी वाचतो ते एकच अक्षर, 'डॉ.' त्याच्या मुलाला ताप आहे. तीन कायद्यांतला फरक समजावून घेण्याची ती वेळ नसते.

आणि पडद्याच्या आत दिले जाणारे औषध बहुधा एकाच पद्धतीचे असे. आयुर्वेद वा होमिओपॅथी शिकलेल्यांपैकी अनेकांच्या टेबलावर इंजेक्शनची सिरिंज आणि प्रतिजैविकांच्या गोळ्या असत, हे कोणापासून लपलेले नव्हते. वहीने ज्या सीमा आखल्या त्या दवाखान्यात रोज ओलांडल्या जात होत्या. भाऊ दाजींनी ज्ञानासाठी ओलांडल्या. येथे बाजारासाठी ओलांडल्या जात होत्या. दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही.

याचा कडेलोट १९९२ मध्ये झाला. मुंबईतील एका खासगी कंपनीत नोकरीला असलेल्या तरुण गृहस्थांना जुलै महिन्यात ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी त्यांना ॲलोपॅथीची औषधे दिली, आधी एका आणि मग दुसऱ्या तापासाठी. प्रकृती ढासळत गेली आणि दहा-अकरा दिवसांत ते गेले. त्यांच्या पत्नी न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या. १० मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला व तीन लाख रुपये भरपाई मंजूर केली. निकालाचे सार असे, की एका पद्धतीत नोंदणी असलेला मनुष्य न शिकलेल्या दुसऱ्या पद्धतीने उपचार करू लागला, तर त्या दुसऱ्या पद्धतीपुरता तो भोंदूच. हा निकाल वाचताना आम्हांला प्रथमच नोंदवहीच्या बाजूने मनापासून उभे राहावेसे वाटले. कारण येथे प्रश्न परिषदेच्या अहंकाराचा नव्हता, बाकड्यावर बसलेल्या माणसाचा होता. त्याला पाटी वाचता येत नाही, म्हणूनच कोणीतरी ती त्याच्यासाठी वाचून ठेवायला हवी.

पण राज्याची भूमिका त्यानंतरही दोलायमान राहिली. खेडोपाडी आणि झोपडपट्ट्यांत जायला एम.बी.बी.एस. तयार नाहीत, मग जे आहेत त्यांना थोडे शिकवून परवानगी द्यावी, असा युक्तिवाद पुढे आला. २०१४ मध्ये कायद्यांत दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित प्रमाणात ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा देण्याचे ठरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२५ साली या डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडे वेगळी नोंद करण्याच्या निर्णयावरून राज्यातील ॲलोपॅथी डॉक्टरांनी सप्टेंबर महिन्यात एक दिवस काम बंद ठेवले. पुन्हा एक वेगळी वही, आणि पुन्हा तोच तंटा. १९३८ च्या 'यादी'ची आठवण यावी असे हे सारे आहे.

आता ज्यांचे नाव या चारांपैकी कोणत्याच दप्तरात नाही त्यांच्याकडे वळू. अंधेरी आणि बोरिवली यांच्या मधे, जोगेश्वरी पूर्वेला वैदूवाडी नावाची वस्ती आहे. वैदू ही भटकी जमात. झाडपाला, मुळ्या, तुंबड्या घेऊन गावोगाव फिरणारी. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचाच, म्हणजे पोपट प्रभुरामांच्या प्रकरणाच्या आगेमागचा. त्यातील फिरस्त्यांवरच्या प्रकरणात भटक्या जमातींकडे महसुली अधिकाऱ्याच्या संशयी नजरेने पाहिले आहे. आत्र्यांची भाषा थोर आहे आणि त्यांची नजर अनेकदा निष्ठुर आहे. 'गावगाडा' शिकवताना या दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. फिरस्त्याला वही लागू करणे अवघडच. नोंदणीला पत्ता लागतो, दवाखाना लागतो, पदवी लागते. १९६१ च्या कायद्यानंतर वैदूचा पिढीजात धंदा बेकायदेशीर झाला आणि जमातीचे नाव तेवढे राहिले. वैद्य या शब्दाशी उघड नाते सांगणारे नाव धारण करणाऱ्या समाजाला वैद्यकीच करता येऊ नये, अशी उदाहरणे भाषेत फार नसतील. वैदूवाडीतल्या पुढच्या पिढ्या सुया-मणी विकू लागल्या, भंगार गोळा करू लागल्या. त्यांची औषधे गुणकारी होती की घातक, हे कोणी तपासून पाहिले नाही. तपासणे आणि नाकारणे यांतला फरक कायद्याला दिसला नाही.

सुईणींचेही काहीसे असेच झाले. परिचारिका व प्रसाविका यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३५ चा. प्रशिक्षित प्रसाविकेमुळे किती बाळंतिणी वाचल्या असतील याची कल्पना करता येते, आणि त्याबद्दल कृतज्ञताच असावी. पण सुईण निरक्षर होती. वहीत सही करणे तिला जमणारच नव्हते.

हे सारे झाल्यावरही वही पुरी झालेली नाही. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पन्नासहून अधिक व्यवसायांची नावे आहेत, आणि त्यांत एक नाव आहे 'पोडायट्रिस्ट', पायांचा वैद्य. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. पूर्वी त्याला कायरोपोडिस्ट म्हणत. पदवीनंतर चार वर्षांचे वेगळे शिक्षण, मग रुग्णालयातील उमेदवारी, आणि त्यानंतर ज्या राज्यात व्यवसाय करायचा त्या राज्याचा परवाना. एका राज्याचा दुसऱ्यात आपोआप चालत नाही. आपल्याकडे या नावाचा वर्ग कायद्याला २०२१ पर्यंत ठाऊक नव्हता. मधुमेहाने बधिर झालेला, जखम चिघळलेला पाय शल्यविशारदाकडे जातो, आणि पुष्कळदा तो फार उशिरा जातो. त्याआधी पायाकडे पाहणारे लोक निराळे आहेत. कुरूप कापणारा न्हावी, त्याची नराणी. रेल्वे स्थानकाबाहेर बसून चपलेच्या तळव्याला नेमक्या जागी भोक पाडून देणारा गटई कामगार. 'कुरूप' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत त्याला धान्याच्या दाण्यासारखे नाव आहे. मराठीने त्याला सरळ विद्रूप म्हटले.

पोडायट्रिस्टला मराठीत काय म्हणावे, हे अद्याप ठरलेले नाही. पादचिकित्सक म्हणावे तर तो शब्द कोणाच्या तोंडी बसणार नाही. पायांचा डॉक्टर म्हणावे, तर 'डॉ.' कोणी लावावे यावरून आणखी एक वाद उभा राहील; फिजिओथेरपिस्टांच्या बाबतीत तो उभा राहिलेलाच आहे. परिशिष्टात नाव आले असले, तरी त्या नावाखाली नोंदवण्याजोगी शिकलेली माणसे आज हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच आहेत. सुश्रुताने आधी ज्ञान सांगितले, मग सराव, मग राजा. येथे राजाने वही आधीच उघडून ठेवली आहे. ती कोणाच्या नावांनी भरायची, आणि नराणीवाल्याला व गटई कामगाराला चार गोष्टी शिकवून तिच्या एखाद्या पानावर घ्यायचे की नाही, हे ठरवणे राज्यांच्या परिषदांच्या हाती आहे.